फ्रीडम रायटर्स डायरी : घ्या, पण आधी स्वतः वाचा (आणि सिनेमा नंतर दाखवा)

हे पुस्तक घ्यावं का असं ओळखीतल्या काही पालकांनी आणि एका शाळेतल्या मॅडमनी विचारलं, आता प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. घाईत असाल तर निकाल आधीच सांगते: तेरा ते सतरा वयाच्या मुलांसोबत तुम्ही काही वाचत-लिहीत असाल, शिक्षक असाल, वाचनालय चालवत असाल किंवा घरात दार लावून बसणारं एखादं पोर असेल तर घ्या. फक्त 'वाच रे, छान आहे' म्हणत तसंच्या तसं मुलाच्या हातात ठेवू नका. का ते पुढे येतंच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला लाँग बीच नावाचं बंदराचं शहर आहे, तिथल्या विल्सन हायस्कूलमध्ये 1994 साली एरिन ग्रुवेल नावाची नवीकोरी इंग्रजीची शिक्षिका नववीच्या वर्गावर आली. वर्ग कसा, तर बाकीच्यांनी 'ह्यांचं काही होणार नाही' म्हणून सोडून दिलेला. काळी मुलं, मेक्सिकन वगैरे लॅटिनो मुलं, कंबोडियातून पळून आलेल्या कुटुंबांतली मुलं, आणि वर्गात प्रत्येक गटाचा कोपरा ठरलेला. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1992 मध्ये, रॉडनी किंग नावाच्या काळ्या माणसाला बेदम मारहाण करणारे पोलीस कोर्टातून सुटले म्हणून लॉस एंजेलिस पेटलं होतं, पन्नासच्या वर माणसं मेली होती, ती धग लाँग बीचपर्यंत आलेली. म्हणजे ही पोरं शाळेत येताना कोणत्या गल्लीतून जायचं आणि कोणत्या नाही ह्याचा हिशोब करून यायची. पुस्तक म्हणजे ह्या मुलांनी चार वर्षं लिहिलेल्या डायऱ्या, मधे मधे बाईंच्या नोंदी. 1998 मध्ये दीडशे मुलं हायस्कूल पास होऊन बाहेर पडली, 1999 मध्ये पुस्तक आलं, 2007 मध्ये हिलरी स्वँकचा सिनेमा आला आणि त्याच वर्षी शिक्षकांसाठी एक गाइडही निघालं. मी पुस्तक आणि गाइड दोन्ही घेतलंय, दोन्हीबद्दल सांगते.

आता सिनेमा. सिनेमा वाईट नाहीये, मी रडले वगैरे सगळं झालं. पण तो बाईंचा सिनेमा आहे. त्यांचा नवरा, त्यांचे वडील, त्यांची खडूस एचओडी. पुस्तकात बाई वर्षाच्या सुरुवातीला येतात, दोन-चार पानं बोलतात आणि बाजूला होतात, बाकी पोरंच बोलतात. एक उदाहरण देते. सिनेमात सगळ्यांच्या लक्षात राहिलेला सीन म्हणजे वर्गात एका काळ्या मुलाचं जाड ओठांचं टिंगलचित्र फिरतं, बाई ते पकडतात आणि चिडून सांगतात की नाझी लोक ज्यूंची अशीच चित्रं छापायचे, आणि मग कळतं की होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) हा शब्दच कुणाला माहीत नाही, आणि 'तुमच्यापैकी किती जणांवर गोळी झाडली गेलीये' असं विचारल्यावर जवळजवळ सगळे हात वर. पुस्तकात हा प्रसंग आदल्या वर्षीचा आहे, बाई तेव्हा शिकाऊ शिक्षिका होत्या, आणि तो वर्ग वेगळाच. म्हणजे नववीचा हा नवा वर्ग समोर येईपर्यंत त्यांना आपल्याला काय करायचंय ते साधारण सुचलेलं होतं. सिनेमात वाटतं की एका भाषणाने पोरं बदलली. पुस्तकात मात्र पहिलं अख्खं वर्ष पोरं कंटाळलेली, संशय घेणारी, 'ही बाई किती दिवस टिकते बघू' अशा मूडमध्ये आहेत. मला ते वर्ष सगळ्यात जास्त खरं वाटलं आणि शिक्षकाला धीर पण त्यातूनच मिळतो. म्हणून सिनेमा नंतर.

ह्या पुस्तकातलं घेण्यासारखं काय, तर माझ्या मते क्रम. प्रेरणा-बिरणा जाऊ द्या, ती युट्यूबवर फुकट मिळते. क्रम असा की बाईंनी पोरांना पहिल्या दिवशी 'तुमची दुःखं लिहा' असं सांगितलं नाही. आधी दुसऱ्या कुणाचं तरी वाचायला दिलं, लांबच्या देशातलं, पण त्यांच्याच वयाच्या मुलीचं. ॲम्स्टरडॅममध्ये नाझींपासून लपून बसलेली ज्यू मुलगी ॲन फ्रँक, तेराव्या वाढदिवसाला डायरी मिळालेली. आणि बोस्नियातल्या सारायेव्होची झ्लाता फिलिपोविच, ही तर ह्या मुलांच्याच पिढीची, 1980 चा जन्म, अकराव्या वर्षी डायरी सुरू केली तेव्हा पियानो क्लास, मैत्रिणी, टीव्ही असं सगळं चाललेलं आणि मग वर्षभरात शहराला वेढा पडला, पाणी नाही, वीज नाही, बाहेर स्नायपर. हे वाचताना लाँग बीचच्या पोरांना आपोआप दिसायला लागलं की अरे, खिडकीपासून लांब झोपायचं हे तर आपल्याकडे पण आहे. इथे कुणी 'तुझी गोष्ट सांग' म्हणून गळ घातलेली नाही. पोरं स्वतःच म्हणायला लागतात की हिचं वाचलं, आता माझं लिहितो. त्यांनी झ्लाताला पत्रं लिहिली, पैसे जमवले आणि तिला खरोखर लाँग बीचला बोलावलं. ॲनच्या घरच्यांना लपवणाऱ्या आणि तिची डायरी जपून ठेवणाऱ्या मीप गीस बाई पण येऊन गेल्या. एक मुलगा त्यांना 'तुम्ही माझ्या हिरो आहात' म्हणतो तर त्या म्हणतात मी कसली हिरो, योग्य होतं ते केलं. वर्गातलं वाचन असं जिवंत माणसापर्यंत पोचलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

क्रमातली तिसरी पायरी म्हणजे नाव काढून टाकणं. पुस्तकात एकाही नोंदीला मुलाचं नाव नाही, फक्त नंबर. डायरी 1, डायरी 2 असं दीडशेच्या आसपास. वर्गात पण असंच, कुणाचं लिखाण आहे ते न कळता दुसऱ्याने ते वाचायचं, टाइप करायचं, दुरुस्त करायचं. एका उद्योजकाने वर्गाला कॉम्प्युटर दिले होते ते ह्या कामाला आले. आता विचार करा, दोन वर्षांपूर्वी ज्या गटाच्या पोराशी नजर मिळवायची नाही असं ठरलेलं, त्याच्या बहिणीच्या मरणाचा परिच्छेद तुम्ही बसून सुधारताय आणि तो त्याचा आहे हे तुम्हाला माहीतही नाही. सहनशीलता, दुसऱ्याला समजून घेणं ह्यावर शाळेत जी भाषणं होतात, फलकलेखन होतं, प्रतिज्ञा होते, त्या सगळ्यापेक्षा हे पूर्णविराम-स्वल्पविराम बघणं भारी आहे. कारण दुरुस्त करायला नीट वाचावं लागतं. ॲननेही आपली डायरी स्वतः पुन्हा लिहायला घेतली होती, 1944 मध्ये रेडिओवर डच मंत्र्याने लोकांना डायऱ्या जपून ठेवा असं सांगितलं ते ऐकून. ही गोष्ट पोरांना सांगितली की त्यांना धक्का बसतो, त्यांना वाटत असतं की डायरी म्हणजे मनात येईल ते एकदाच ओतायचं आणि संपलं.

आणि आपल्याकडे काय आहे बघा. मराठीच्या पेपरात आत्मकथन असतं. फाटक्या पुस्तकाचं मनोगत, शाळेच्या घंटेचं, सुकलेल्या झाडाचं, बंद पडलेल्या गिरणीचं. पोरं पाचवीपासून दहावीपर्यंत जगातल्या प्रत्येक निर्जीव वस्तूच्या वतीने रडतात, स्वतःबद्दल एक ओळ लिहायची वेळ आली की पेन थांबतो. 'माझ्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग' दिला तरी सहल नाहीतर बक्षीस समारंभ, तेही गाइडमधलं. ह्यात पोरांचा दोष नाही, मार्क कशाला मिळतात ते त्यांना कळतं. आमच्या रविवारच्या वाचन गटात (सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये, आठवी ते दहावीची मुलं, सोसायटीतली काही आणि मागच्या वस्तीतली काही) हे पुस्तक वापरून जे झालं ते सांगते, फार मोठे दावे नाहीत.

शिक्षकांच्या त्या गाइडमध्ये सुरुवातीला एक शेंगांचा खेळ आहे. प्रत्येकाला एक भुईमुगाची शेंग द्यायची, तिचं बाहेरून वर्णन लिहायचं, मग आतल्या दाण्याबद्दल बोलायचं, वरून वेगवेगळ्या दिसणाऱ्या पण आत सगळ्या शेंगाच असा मुद्दा. सांगायला लाज वाटत नाही, आमच्याकडे लिहून व्हायच्या आधी निम्म्या शेंगा पोटात गेल्या. आणि नववीतल्या एका मुलीने विचारलं की मावशी, आतून सगळे सारखे तर मग वेगळं लिहायचं कशाला? मला हा प्रश्न गाइडपेक्षा हुशार वाटला. असे काही खेळ अमेरिकन शाळेसाठीच आहेत, थोडे बाळबोध, आपल्या दहावीच्या मुलांना ते 'संस्कार वर्ग' वाटतात. बदलाची शपथ म्हणून प्लास्टिकच्या ग्लासात शॅम्पेनसारखा सफरचंदाचा रस वगैरे, ते मी सरळ सोडून दिलं.

दुसरा खेळ रेषेचा. जमिनीवर चिकटपट्टी लावायची, शिक्षक वाक्य वाचतात, ज्याला लागू पडतं त्याने रेषेवर येऊन उभं राहायचं. सुरुवातीला हलकीफुलकी वाक्यं, मग ज्याचा एखादा मित्र गँगच्या मारामारीत गेला त्याने या, दोन गेले असतील तर उभे राहा, असं. सिनेमात हा सीन अंगावर येतो. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे हा असाच्या असा करू नका. तिथे वर्गातल्या सगळ्यांचं ओझं साधारण एकाच प्रकारचं होतं. आमच्या गटात ज्या मुलाची आई त्याच सोसायटीत तीन घरी पोळ्या करते तो, आणि त्या तीन घरांतली पोरं एकाच रेषेसमोर. 'ज्यांना कुणी आडनाव विचारून मग वेगळं वागवलं त्यांनी पुढे या', ह्या वाक्याला कोण पुढे येणार आणि आल्यावर सोमवारी शाळेत काय होणार? मी ते चिठ्ठ्यांवर घेतलं. वाक्यं तीच, प्रत्येकाने हो किंवा नाही लिहून डब्यात टाकायचं, शेवटी फक्त आकडे फळ्यावर. आडनावाच्या वाक्याला जेवढे हो निघाले ते बघून सोसायटीतली मुलं एकदम गप्प झाली, आणि कुणाचे ते कुणाला कळलं नाही. नंबरवाल्या डायरीचंच तत्त्व हे, बाईंचंच.

हिटलरबद्दल एक सूचना, आपल्याकडे फार गरजेची. पुस्तक धरून चालतं की निदान शिक्षकाला तरी नाझी म्हणजे काय ते नीट माहीत आहे. आपल्याकडे हिटलरचं आत्मचरित्र अजूनही फूटपाथवर मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी आरामात मिळतं आणि 'हिटलरसारखा शिस्तीचा माणूस पाहिजे' हे वाक्य पोरं घरी ऐकून आलेली असतात. त्यामुळे ॲन फ्रँक सुरू करायच्या आधी एक तास युद्ध, छळछावण्या, साठ लाख ज्यू, हे नकाशा घेऊन बसून सांगा, नाहीतर ती डायरी पोरांना एका लपलेल्या मुलीची घरगुती भांडणं एवढीच वाटते. ॲनची डायरी मराठीत मिळते, तीच वाचा, इंग्रजीचा हट्ट धरू नका.

आता मुलाच्या हातात थेट का देऊ नये ते. ह्यात घरातली मारहाण आहे, लैंगिक अत्याचार आहेत, ड्रग्ज, गर्भपात, गोळीबार, शिव्या, सगळं आहे आणि मुलांनी त्यांच्या भाषेत लिहिलंय. अमेरिकेत सुद्धा 2008 मध्ये इंडियानापोलिसमधल्या एका शिक्षिकेला शाळेच्या मंजुरीशिवाय हे पुस्तक वर्गात दिलं म्हणून बिनपगारी सस्पेंड केलं होतं. मी सेन्सॉरवाली नाही, पण प्रत्येक नोंद प्रत्येक वयाला नसते. आठवीच्या मुलांसोबत मी निवडक नोंदी वाचल्या. भाडं थकल्यामुळे घर सोडावं लागलेल्या मुलाची, डिस्लेक्सियामुळे आयुष्यभर मठ्ठ म्हणवून घेतलेल्याची, आणि कोर्टात आपल्याच माणसाच्या विरोधात खरं बोलायचं की नाही ह्यात अडकलेल्या मुलीची. ह्या शेवटच्या नोंदीवर जितकी भांडणं झाली तितकी आम्ही आयपीएलवर पण ऐकली नाहीयेत. निम्म्या मुलांचं म्हणणं, आपल्या माणसाला वाचवायचंच. दुसऱ्या निम्म्यांचं, मग ज्याला उगाच जेल होईल त्याच्या आईचं काय.

आणि एक गोष्ट जी मी गाइड हातात घ्यायच्याही आधी सांगेन. मुलांना खरं लिहायला सांगितलं की कधीतरी कुणीतरी खरं लिहितं. आपल्याकडे पॉक्सो कायदा आहे, 2012 चा. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय असं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, फक्त शिक्षकाला नाही, कुणालाही. म्हणजे 'इथे लिहिलेलं इथेच राहील' असं वचन तुम्ही देऊच शकत नाही, आणि ते दिलं तर मूल दुसऱ्यांदा फसवलं जाईल. मी पहिल्याच दिवशी सांगते की तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं काही वाचलं तर मी मदत मागणार, बाकी सगळं गुप्त. 1098 ही चाइल्डलाइन वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते. ओळखीतल्या एका समुपदेशक ताईंना आधीच विचारून ठेवलंय की गरज पडली तर बोलशील ना. एवढी तयारी नसेल तर वैयक्तिक लेखनाच्या भानगडीत पडू नका, गोष्टी वाचा, गप्पा मारा, ते पण पुष्कळ आहे.

पुस्तकाचे दोष पण आहेत. एक म्हणजे इतक्या जणांनी एकमेकांचं सुधारल्यामुळे आवाज एकसारखे झालेत, शंभर नोंदींनंतर प्रत्येक नोंद वाईट प्रसंगाने सुरू होऊन आशेच्या वाक्यावर संपते हे कळायला लागतं आणि मग मी पानं उलटत गेले. ज्या मुलाचं काहीच सुधारलं नाही त्याची नोंद मला वाचायची होती. दुसरं, बाईंची मेहनत खरी आहे पण ती मोजमाप म्हणून ठेवली तर साधा शिक्षक मेला. त्यांनी पुस्तकं घ्यायला पैसे हवेत म्हणून हॉटेलात आणि दुकानात पार्ट टाइम नोकऱ्या केल्या, तीच मुलं चार वर्षं आपल्याकडे ठेवून घेतली, पुस्तकांच्या गठ्ठ्यांपासून वॉशिंग्टनच्या सहलीपर्यंत सगळं उभं केलं. आणि ही मुलं पास झाल्यावर त्या स्वतःही हायस्कूल सोडून कॉलेजात शिकवायला गेल्या, पुढे फाउंडेशन काढून शिक्षकांना ट्रेनिंग द्यायला लागल्या. मी दोष देत नाहीये, पण जिल्हा परिषदेच्या शाळेतले सर, ज्यांच्याकडे दोन वर्ग, पोषण आहाराचा हिशोब आणि निवडणुकीची ड्युटी, त्यांना हे पुस्तक देऊन 'बघा, मनात आणलं तर होतं' म्हणणं हा उद्धटपणा आहे. त्यांनी ह्यातलं महिन्यातून एकदा, बिननावाची एक पानी नोंद, एवढंच उचललं तरी चालेल.

मुलांनी स्वतःला 'फ्रीडम रायटर्स' नाव घेतलं ते 1961 च्या फ्रीडम रायडर्सवरून, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायची पद्धत मोडायला काळे आणि गोरे एकत्र बसमध्ये बसून अमेरिकेच्या दक्षिणेत गेले, मार खाल्ला, अलाबामात त्यांची बस जाळली ते लोक. हे वाचून आमच्या दहावीतल्या एकाने विचारलं की आपल्याकडे असं आपल्या वयाच्या कुणी लिहिलंय का? तेव्हा मी मुक्ता साळवेचा निबंध काढला. हा पुस्तकात अर्थातच नाही पण माझ्या मते मराठी मुलांसाठी हे पुस्तक त्या निबंधाशिवाय अर्धंच आहे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, साधारण चौदा वर्षांची मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते आणि ते 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतं. ॲनच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी. चार-पाच पानांचं प्रकरण, एका बैठकीत होतं. बाळंत होणाऱ्या बायकांना डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पावसात काय हाल होतात, ते ती असं लिहिते की वर्गातल्या एकानेही मोबाइल बघितला नाही. भाषा जुनी आहे, मोठ्याने वाचा, दोनदा वाचा. आणि तिने नाव लपवलं नाही ह्यावर पोरांशी बोला, आमच्याकडे ह्याच मुद्द्यावरून दोघांनी पुढच्या वेळी आपल्या पानावर नंबर न घालता नाव घातलं. त्यांना मी विचारलं, नक्की ना, घरी विचारलंस का. एकजण म्हणाला, घरच्यांबद्दलच आहे मावशी, विचारू कुणाला.

खरेदीबद्दल. इंग्रजी पेपरबॅक ऑनलाइन सहज मिळतं, इंग्रजी सोपं आहे, सेमीवाली नववीची मुलं निवडक नोंदी आरामात वाचतील, मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मी वाचत वाचत तोंडी मराठीत सांगते. दहाव्या वर्षाची आवृत्ती मिळाली तर ती घ्या, त्यात नंतरच्या नोंदी पण आहेत. गाइड सगळ्यांना लागणार नाही, एकत्र शिकवणारे दोघं-तिघं असाल तर एकच घ्या आणि निम्मे खेळ आपल्या पोरांकडे बघून बदला. पुस्तकाला पाचपैकी चार, गाइडला अडीच. वह्या मात्र कुलूपवाल्या फॅन्सी डायऱ्या घेऊ नका, घरात कुलूप दिसलं की आई-बाबा आधी तीच उघडतात, शाळेच्या रफ वहीसारखी साधी शंभर पानी घ्या आणि कव्हरवर भूगोल लिहा.